खोड विचारणारी आशाताई

सत्यशीलाताईंचं तोंड फटकळ, हे बोरीकडच्या त्यांच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आशाताई होऊन त्यांना अकरा वर्षं झाली. बीपीची गोळी चुकवली म्हणून त्यांनी सरपंचाच्या आईला चारचौघांत झापलं, आणि त्याच म्हातारीच्या गुडघ्याला संध्याकाळी स्वतः तेल चोळलं. माहेर शेळ्या राखणाऱ्यांचं. दहावीपर्यंत शाळा झाली ती करडांमागं धावता धावताच.

दिवाळीनंतर शहरातून डॉक्टरांचं एक पथक गावात आलं. शेळ्या-मेंढ्यांना गाभडवणारा एक जंतू त्यांच्या गर्भाच्या वारेतून, कच्च्या दुधातून माणसाच्याही अंगात शिरतो आणि महिनोन्‌महिने ताप आणतो. तो कुणाकुणाला गाठून गेला, हे रक्तावरून बघायचं होतं. पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी समाजमंदिरात ‘अँटिबॉडी’ हा शब्द सात वेळा उच्चारला. सातही वेळा लोकांनी माना डोलावल्या आणि कळलं मात्र कुणालाच नाही. शेवटी ताईंना राहवेना.

“रातच्याला लांडगा येऊन गेला, तर सकाळी काय बघताव आपण?”

“पाऊल!” मागून कुणीतरी ओरडलं.

“तसंच हाय. रोग येऊन गेला की रक्तात त्याचं पाऊल उमटतंय. तेवढंच बघायलेत ह्या मॅडम. तुमचं रगत नेऊन इकायचं न्हाई कुणाला.”

लोक हसले आणि नावं द्यायला पुढं सरकले. ताई मात्र हसत नव्हत्या. त्यांच्या डोक्यात कासाबाईची सून दिपाली होती.

कासाबाई म्हणजे साठ शेळ्यांची मालकीण. मुलगा राम, सून दिपाली आणि लग्नाला आलेला धाकटा, एवढं घर. दिपालीला अडीच महिन्यांपासून रोज संध्याकाळी ताप भरायचा, घामानं अंथरूण भिजायचं, कंबर धरायची, भाकरी घशाखाली उतरायची नाही. सकाळी बघावं तर पोरगी ठीक. ताईंनी तिला दोनदा दवाखान्यात नेलं, तर मलेरिया नाही, टायफॉईड नाही. मग गल्लीनं निदान केलं की सून कामचुकार आहे. हळूहळू कासाबाईलाही ते पटलं. तिनं गंगाखेडकडच्या व्याह्यांना, दत्तरावांना, फोन लावला, “सोमवारी या अन्‌ पोरीला घेऊन जावा. धड झाली तर बघू.” यातल्या ‘तर’चा अर्थ ताईंना बरोबर कळला होता. अशा गेलेल्या दोन पोरी परत आल्याच नाहीत, हे त्यांनी याच गावात पाहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी पथक कासाबाईच्या दारात आलं. शेळ्यांच्या वाड्यासमोर राम, धाकटा आणि दोन पुतणे अंघोळी करून, डोक्याला चपचपीत तेल लावून ओळीनं उभे होते. कडेला खुद्द कासाबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून.

“बघा, कसे हायेत! एकाला शिंक न्हाई,” ती म्हणाली.

“अन्‌ दिपाली?” ताईंनी विचारलं.

“रानात गेलीय.”

दिपालीच्या चपला उंबऱ्याशीच होत्या. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या खुशीत सुया काढत होत्या आणि ताईंना हसावं की चिडावं कळेना. बाजारात शेळ्या मांडायची ही रीतच होती, दांडगी जनावरं पुढं आणि किरकोळ मागं लिंबाखाली! कासाबाईनं घरची माणसं तशीच मांडली होती. तपासणी म्हणजे पारख, आणि पारखीला कोण आजारी जनावर पुढं करतं?

पण त्या बाजाराची दुसरीही एक रीत असते. गिऱ्हाइकानं तोंडावर खोड विचारली, तर खोटं बोलायचं नाही. तीस वर्षांत कासाबाईचं एक जनावर माघारी आलं नव्हतं, ते याच एका गोष्टीमुळं. ताई सरळ वाड्यात शिरल्या.

“मावशी, औंदा किती गाभडल्या?”

“तीन.”

“वार कुणी काढली?”

“दिपालीनं. लय हलका हात हाय पोरीचा.”

“नुसत्या हातानं?”

“मग काय चिमट्यानं काढतेत व्हय?”

“बरं. आता घरातली खोड सांगा.”

कासाबाई वाकून एका करडाचं दावं सोडू लागली.

“मी गिऱ्हाईक म्हणून इचारायलेय, मावशी. शेळीची इचारली असती, तर सांगितली असती का न्हाई?”

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. “आत हाय, अंथरुणावर. आज सकाळीबी उठली न्हाई,” ती पुटपुटली. “धाकट्याची सोयरीक जुळायलीय, ताई. घरात दुखणं हाय म्हणल्यावर कोण पोरगी देतंय?”

“घरातलं दुखणं झाकून आणलेली पोरगी तरी नांदंल का?” ताई कडाडल्या आणि आत जाऊन दिपालीला हाताला धरून घेऊन आल्या.

गाडीतल्या यंत्रात रक्त फिरवून झालं. डॉक्टरीणबाईंनी गुलाबी औषधाच्या थेंबात दिपालीचा थेंब मिसळला. चार मिनिटांत त्यात बारीक दाणे धरले, म्हणजे रोगाचं पाऊल सापडलं. रामच्याही थेंबात थोडे दिसले, गड्याला साधी कणकण नसताना! पक्का अहवाल दुसऱ्या दिवशी फोनवर आला आणि दिपालीला दीड महिन्याची औषधं सुरू झाली. रामला ताप येतो का, यावर नजर ठेवायची होती. शेळीचं दूध उकळूनच प्यायचं आणि वार काढताना हातमोजे घालायचे, हे ताईंनी घरातल्या प्रत्येकाकडून म्हणून घेतलं.

अहवाल ऐकून दिपालीनं एवढंच विचारलं, “म्हंजी मी आळशी न्हाई ना, ताई?”

ताईंनी पोरीला पोटाशी धरलं आणि दोघी मनसोक्त रडल्या.

सोमवारी दत्तराव एसटीतून उतरले, ते लेकीच्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी घेऊनच. वाटभर त्यांनी मनाशी भांडण रचलं होतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत कासाबाई बाहेर आली आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, “पावनं, तुमची पोरगी आळशी न्हाई. माझ्या शेळ्यांची बाळंतपणं करता करता आजारी पडली. मी वळखलं न्हाई, चूक माझी हाय. ती हितंच ऱ्हाईल, गोळ्या मी देईन. अन्‌ ज्याला माझ्या घरात पोरगी द्यायची, त्यानं हे ऐकून द्यावी.”

दत्तराव बाजेवर बसले आणि टोपी काढून डोळे पुसू लागले. तेवढ्यात आतून, कितीतरी दिवसांनी, दिपालीचा खणखणीत आवाज आला.

“आत्याबाई, भूक लागलीय. भाकरी हाय का?”

कासाबाई व्याह्यांना पाणी द्यायचं विसरून चुलीकडं पळाली.