“येते” म्हणायचं की “जाते”

आई अमेरिकेत सनीव्हेलला आमच्याकडे आली ती दुसरी आणि शेवटची खेप. हे ती आल्या दिवशीच बोलून मोकळी झाली. गुडघे गेलेत, एवढा विमानप्रवास पुन्हा झेपायचा नाही. मी कानाडोळा केला. तेव्हा भारतात फोन लावला तर निम्मा वेळ “ऐकू येतंय का?” यातच जायचा. आई समोर बसलेली असताना कोण असलं काही ऐकून घेईल!

खालच्या अपार्टमेंटमध्ये एक अमेरिकन आजीबाई एकट्याच राहायच्या. मी ऑफिसला गेले की आई त्यांच्याकडे जाऊन बसायची. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी. गप्पा मात्र रंगायच्या. निघताना आई सवयीनं “येते” म्हणायची, तेही इंग्रजीत, “आय कम.” आजीबाई बिचाऱ्या नवी कॉफी करून वाट बघत बसायच्या.

शेवटी त्यांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. तुझी आई येते म्हणते आणि येत नाही, असं का करते? मी समजावलं, की आमच्यात निघताना “जाते” म्हणणं अशुभ मानतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, म्हणजे ती खोटं बोलते, पण प्रेमानं.

माझं डोकंच फिरलं. माझ्या आईला खोटारडी म्हणते ही बाई! घरी येऊन आईला सांगितलं, तर ती हसायलाच लागली. इथे दिसेल तो “हाऊ आर यू” विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही, ते चालतं होय, म्हणाली.

पण ते बोलणं तिच्या मनात घर करून राहिलं असावं. परत जायच्या दिवशी सकाळी आजीबाईंनी तिला सरळच विचारलं, पुन्हा भेटशील का? मी मराठीत सांगितलं. आजीबाईंना “हो” असं उत्तरही मीच देऊन टाकणार होते, तेवढ्यात आई म्हणाली, “नो.”

दोघी हात धरून रडल्या. गंमत म्हणजे आजीबाईंचा चेहरा अगदी निवळला. त्यांना खरं कळलं, निरोप नीट झाला. मला मात्र दोघींचाही राग आला. मेला कसला तो खरेपणा!

विमानतळावर आईनं माझ्या गालावरून हात फिरवला.

“जाते गं,” म्हणाली.

असं म्हणायचं नसतं, तूच शिकवलंस ना, म्हणून मी तिच्यावरच डाफरले.

“अगं, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू?”

“बोल. मला खोटंच हवंय. येते म्हण.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “येते,” म्हणाली, आणि आत गेली.

पुढे फोनवर मी दर वेळी विचारायचे, कधी येतेस? गुडघ्यांचं आम्हा दोघींनाही माहीत होतं. तरी ती म्हणायची, येते की गं. आता ती नाही, आणि मला अजूनही तेच ऐकायचं असतं.