मिठाची गाडी आणि धर्माशेठचा सत्कार

सुका जवळा अर्धा निवडून झाला होता, अर्धा सुपातच होता, तेवढ्यात भंगारवाल्याची क्रेन अंगणात शिरली. गोदूनं मान वर केली. क्रेनचा आकडा सरळ सासऱ्यांच्या गाडीकडं, त्या जुन्या लॉरीकडं निघाला होता.

सासरे कोंडाजी याच गाडीतून उरणच्या मिठागरांचं मीठ वाहायचे. त्या मिठावर घर उभं राहिलं, पुढं त्यांच्या मुलानं, म्हणजे गोदूच्या नवऱ्यानं, कंटेनरचे ट्रेलर घेतले आणि धर्माचा धर्माशेठ झाला. गोदू नवरी होऊन आली तीही याच गाडीच्या केबिनमधून. आता हौद्यात कोंबड्या झोपत होत्या. तरी खंडेनवमीला पहिला हार या गाडीलाच, हा गोदूचा नेम कधी चुकला नव्हता.

"अवो, ही क्रेन कशाला?"

"मांडवाला जागा नको?" ओट्यावरून धर्माशेठ म्हणाले. "रविवारी माझा सत्कार हाय."

सत्कार होता परदेश दौऱ्याचा. दौरा म्हणजे काय, तर मुलगा निकेत न्यूझीलंडला नोकरीला, त्याच्याकडं दोघं सुट्टीला जाऊन आली. तिथं शेठचा निम्मा वेळ तांदळाची भाकरी मिळत नाही म्हणून कुरकुरण्यात गेला. मग एके दिवशी निकेतनं वाहनांचं आणि यंत्रांचं संग्रहालय दाखवलं, आणि शेठना विषय सापडला.

तिथं जुन्या ट्राम होत्या, विमानं होती, वाफेवरचे पंप होते. आणि एका दालनात अगदी कोंडाजींच्या गाडीसारखी लॉरी, तशीच पुढं नाक काढलेली, पण आरशासारखी चकचकीत. गोदूचा हात आपसूक बटव्यातल्या कुंकवाकडं गेला. बॉनेटला बोट टेकतंय न टेकतंय तोच तिथं देखरेख करणारी एक म्हातारी बाई धावत आली आणि रुमालानं टिळा पुसू लागली. निकेतनं माफी मागितली. बाई काय म्हणते तेही सांगितलं, "आई, हात लावू नका म्हणते. लांबून नमस्कार कितीही करा."

शेठ तोवर पार ट्रामपाशी जाऊन उभे, जणू गोदू कुठल्या गावची कोण जाणे. "सगली लाज काढलीस गो!" मग टोपी काढून, छातीवर हात ठेवून त्याच लॉरीसमोर त्यांनी फोटो काढून घेतला. गावच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'वारसा जपावा तर यांनी!' अंगठ्यांवर अंगठे आले. गावच्या मंडळानं सत्काराबरोबर व्याख्यानही ठरवलं, 'जुनी वाहने, आपला ठेवा.'

आणि त्या व्याख्यानाच्या मांडवासाठी कोंडाजींची गाडी भंगारात चालली होती.

गोदू उठली ती थेट क्रेनपुढं. "दादा, आकडा खाली घ्या."

मंडळाचे अध्यक्ष अंबाजी मांडवाचं माप घेत होते, ते टेप हातात धरून तसेच थांबले.

"गोदू, भंगार हाय ते!" शेठ ओरडले.

"मंग तिकडची लॉरी काय काल शोरूममधून आणलेली? तिला मी बोट लावलं तर तुमची लाज गेली. हिला क्रेन लावताना न्हाय जात?"

अंबाजी खुदकन हसले. "पण शेठ, वहिनींचं खरं हाय. रविवारी कुणी उठून विचारलं, तुमची जुनी गाडी कुठं, तर?"

शेठच्या डोळ्यांपुढं शाल-श्रीफळ तरंगत लांब जाऊ लागलं. पण देव काही माणसांना लाज कमी देतो, तेव्हा अक्कल वेळेवर धाडतो. "अरे, मी तेच म्हणणार होतो! गाडी स्टेजवरच पायजे. हौद्यात उभा राहून बोलणार मी. क्रेन नुसती बाजूला सरकवायला बोलावली."

"पण शेठ, तुम्ही फोनवर तर..." भंगारवाला म्हणाला.

"तू चहा घे आधी."

दुपारपर्यंत गाडीभोवती दोरी बांधून झाली. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत पाटी लागली, 'हात लावू नये'.

"तू पण न्हाय गो, गोदू," शेठनी बजावलं. "आता ठेवा हाय तो."

"आणि हौद्यातली कोंबड्यांची घाण? ती पण ठेवा?"

शेठ भाषणाचा कागद शोधायला आत गेले. गोदू दोरीखालून वाकून गेली, हौद्यात डोकावली, नाकाला पदर लावला. मग पिशवी घेतली आणि नाक्यावरून खराटा नि फिनेल आणायला निघाली.