निळा झालेला माइक

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचो.

पत्नी गेल्यावर मी धुळ्यात एकटा राहू लागलो. तेव्हा जळगावच्या मुलानं माझं मेसेजचं अ‍ॅप तीन ठिकाणी चालू करून दिलं: माझा फोन, माझा टॅब आणि सूनबाईचा कॉम्प्युटर. मला टाइप करणं जमत नसे. नातेवाइकांचे वाढदिवस, श्रद्धांजल्या सगळं तीच माझ्या नावानं जळगावहून उरकायची. फोनवर हसून सांगायची, "आबा, काल तुम्ही साडूंना केक पाठवलात बरं का!"

अमळनेरची माझी थोरली बहीण, अक्का, मात्र बोलूनच निरोप धाडायची. एका दुपारी तिचा आवाज आला, "भाऊ, माले बरं नही वाटत. घरमा मी एकलीच शे. एक डाव ये ना."

मी टॅबवर ऐकलं. बसनं तासाभराचा रस्ता. पण असं ती नेहमीच म्हणायची, आणि ऊन फार होतं. उद्या जाऊ म्हणत मी पंखा वाढवून आडवा झालो. अक्काला फोनही केला नाही.

सकाळी शेजाऱ्यांना ती ओट्यापाशी पडलेली सापडली. सगळं संपलं होतं.

अमळनेरला भरल्या घरात भाच्यानं तिचा फोन माझ्यापुढे धरला. "मामा, तुम्हाला पाठवलेल्या या निरोपाचा माइक निळा झालाय. म्हणजे कोणीतरी ऐकलंय हे."

सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझं अ‍ॅप जळगावलाही चालू असतं. सूनबाईनं लावलं असेल."

सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग एकेकाला कप देत गेली. मलाही दिला. मागून कोणी बाई म्हणाली, "ऐकून गप्प बसली! सख्खी आई असती तर बसली असती का?" ती रिकामा ट्रे घेऊन आत गेली. मी चहा पीत राहिलो.

त्याच आठवड्यात तिनं माझं अ‍ॅप आपल्या कॉम्प्युटरवरून काढून टाकलं. आता माझ्या नावानं कोणाला केक जात नाही. टॅब मी कपाटात ठेवला आहे. भाचा आजही तिच्याशी धड बोलत नाही.

मागच्या हिवाळ्यात ठरवून जळगावला गेलो. मुलगा कामावर होता. तिनं भरीत-भाकरी वाढली. वाक्य मी बसमध्येच जुळवून ठेवलं होतं. ते अक्काच्या पोरासमोरही बोलायचं, असंही ठरवलं होतं.

"सूनबाई…"

"काय आबा?"

"त्या दिवशी अमळनेरला…"

तिचा हात भाकरीवर थांबला. ती वाट पाहत राहिली.

"भरीत चांगलं झालंय," मी म्हणालो.

"अजून वाढू?" तिनं विचारलं.