सहा वाजता दिवे वाढवले

बडोद्याला निघालो तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांचे दोन जोड, ऊर्जाबचतीचा सरकारी तक्ता आणि लाल शाईचे पेन होते. सरकारने नुकतीच व्यापारी इमारतींसाठी वीज वाचवण्याची संहिता काढली होती. ती ऐच्छिक होती. म्हणजे पाळण्याची इच्छा कुणाला नव्हती, प्रमाणपत्राची सगळ्यांना होती. मी मुंबईच्या कचेरीत बसून अर्ज तपासत असे. त्या कचेरीत भर दुपारी पडदे ओढून ट्यूबलाइट जळत, हे सांगायला कुणी विचारलेले नाही, पण सांगून टाकतो.

बडोद्याच्या एका इमारतीचा अर्ज आला होता. सोबत रोजच्या नोंदवहीचे इंग्रजी भाषांतर. त्यात रोज तेच वाक्य: संध्याकाळी सहा वाजता सर्व मजल्यांवरच्या दिव्यांत वाढ केली. लोक घरी जातात त्या वेळी दिव्यांत वाढ करणारा हा महाभाग कोण? मी लाल शाईने लिहिले, ‘जबाबदारी निश्चित करावी.’ असे लिहिले की काम केल्यासारखे वाटते. मग प्रत्यक्ष पाहणीला मलाच धाडले.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने पत्ता पुरता ऐकलाही नाही. “बेसी जाव ने, साहेब” (बसा की), म्हणाला, आणि आधी एका सेव-उसळीच्या गाडीपाशी थांबला. मुंबईचा माणूस उपाशीच येतो अशी त्याची समजूत असावी. तर्री झणझणीत होती. एक थेंब तक्त्यावर ‘नैसर्गिक प्रकाश’ या रकान्यात पडला. त्या रकान्यात नंतर काही लिहावे लागले नाही.

इमारत चारी बाजूंनी काचेची. “जुओ साहेब (बघा), फुल ग्लास! फोरेन जेवुं” (परदेशासारखं), व्यवस्थापक मनसुखभाई अभिमानाने म्हणाले. काचेतून ऊन येई म्हणून पडदे लावले होते. पडद्यांनी अंधार होई म्हणून दिवे होते. दिव्यांनी उकडे म्हणून वातानुकूलन होते, आणि त्याने हुडहुडी भरे म्हणून वैशाखात काउंटरवरच्या बाई शाल पांघरून बसल्या होत्या.

बैठकीच्या खोलीत मी तक्ता वाचत बसलो आणि अचानक अंधार झाला. मनसुखभाईंनी दोन्ही हात वर करून हलवले. उजेड आला.

“सेन्सर छे,” ते म्हणाले. “माणसाची हालचाल दिसली नाही की बत्ती आपोआप बंद. तुमच्या तक्त्यात याला गुण आहेत ना?”

होते. भरपूर होते.

“आणि ते दिव्यांत वाढ करणारे?”

“पवारकाका. एमने नोटिस आपी दीधी (त्यांना नोटीस दिली). तुमच्याच कागदावरून. महिनाअखेर छुट्टी. खुलासा लिहायला वही घेऊन घरी गेलेत. भाषांतर मी जाते (स्वतः) केलं होतं हां!”

खुलासा समक्ष घ्यावा म्हणून मी काकांच्या घरी, वाडी भागात गेलो. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडली आणि पोळात, म्हणजे जुन्या अरुंद आळीत, विचारत विचारत चालत पोचलो. पवारकाकांचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते. काका त्याच ताठ्याने इमारतीची राखण करत आले होते.

“या साहेब, बेसा. जेवल्याशिवाय जायचं नाय,” ते म्हणाले. पानावर बसल्यावर आवाज उतरला. “मी तर रोज सहाला सगळे मजले फिरतो. एक बत्ती चालू नाय ठेवत. तरी कागद आला की मी वीज उडवतो. मला तर समजच नाय पडत. ही नोकरी गेली तर या वयात मला कोण ठेवणार?”

मी वही उघडली. घोटीव अक्षरात लिहिले होते: ‘सहा वाजता सर्व मजल्यांवरचे दिवे वाढवले.’

“हे बघा. तुम्हीच लिहिलंय.”

“हा, वाढवले. तेच तर सांगतो!”

तेवढ्यात काकू गोड वरण घेऊन आल्या आणि त्यांचा बांगड्यांनी भरलेला हात चौकटीवर आपटला.

“वाढली का गं?” काकांनी विचारले.

“एकच वाढली,” म्हणत काकू काचा वेचायला वाकल्या.

माझा घास हातातच राहिला. माझ्या आईने घरात बांगडी कधी फुटू दिली नाही, ती वाढायची. नारळ वाढायचा, दुकान वाढायचे, आणि विझवला म्हणणे अशुभ म्हणून दिवाही वाढवायचा. हे सगळे ठाऊक असून, इंग्रजीत वाचलेल्या एका शब्दापायी मी या माणसाची नोकरी वाढवायला निघालो होतो. मला मनापासून लाज वाटली. लाल शाई माझीच, हे मी सांगून टाकले.

काकांनी वही माझ्याकडून घेऊन मिटली. मग म्हणाले, “पण विझवले कसं लिहू, साहेब? धंद्याची जागा आहे ती.”

परत जाऊन मनसुखभाईंना सगळे सांगितले. ते पोट धरून हसले. मग म्हणाले, “पण सेन्सर तो आवी गयुं (आलंय ना). आता बत्ती बंद करायला माणूस कशाला?” तोच अंधार झाला. त्यांनी हात हलवले, आणि हलवता हलवता काहीतरी सुचल्यासारखे थांबले.

तक्त्यात ‘तपासनिसाची चूक’ असा रकाना नव्हता. मी ती समासात लिहिली, लाल शाईनेच. गाडीत हिरवा चिवडा खाताना वाटत होते, वीज वाचवायला निघालेल्या सरकारने आधी एखाद्या म्हाताऱ्याला विचारायला हवे होते की तो दिवे कसे घालवतो.

दोन महिन्यांनी काकांचे पत्र आले.

‘नोटीस रद्द झाली, नोकरी कायम. प्रमाणपत्र भिंतीवर लागले. मोठे साहेब लोक मीटिंगमध्ये विचार करत स्वस्थ बसतात आणि अंधार होतो, म्हणून मनसुखभाईंनी मला कोपऱ्यात खुर्ची दिली आहे. मी दिवसभर हात हलवतो. संध्याकाळी वहीत अजून मीच लिहितो, दिवे वाढवले. दिव्यांत वाढ हे भाषांतर बरोबरच होते साहेब, फक्त थोडे आधी आले.’