विहिरीला आराम

बाजाराचा दिवस उजाडला की माझा हात आधी फोनकडे जातो. चहा नंतर. मी मूळचीच अस्वस्थ बाई. दारव्ह्याला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायची तेव्हा गावातल्या पोरांबरोबर रोज शेअर जीपने जायची, आणि जीप भरेपर्यंत आत बसून राहणं मला कधी जमलं नाही. खाली उतरून फेऱ्या मारायची. ड्रायव्हर हसून म्हणायचा, "मॅडम, इतक्या चकरा सरळ रस्त्यावर मारल्या असत्या तं आतापर्यंत दारव्हा आलं असतं."

निवृत्त झाले आणि पायांना काही कामच उरलं नाही. अशा वेळी नगरपरिषदेतला पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर माझ्या दारात आला. पांढरकवड्याकडचा तरुण मुलगा. आमच्या गावात नवी पाइपलाइन यायची होती, पण टप्प्याटप्प्याने. पहिल्या टप्प्यात कोणत्या गल्ल्या घ्यायच्या, हा प्रश्न होता. आजवर अशा गोष्टी ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने ठरत आल्या. याला तसं नको होतं. म्हणाला, "मॅडम, प्रत्येक गल्लीत पाणी किती खोल गेलंय हे त्या गल्लीनंच सांगितलं तर? अर्ध्या गावाला तुम्ही शिकवलंय. तुमचं ऐकतील."

त्याची युक्ती साधी होती. प्रत्येक गल्लीतल्या एका विहिरीसाठी एक दोर. टोकाला दगड, आणि दोरावर अंतराअंतरावर तीन चिंध्या: हिरवी, पिवळी, लाल. बाजाराच्या दिवशी सकाळी दोर विहिरीत सोडायचा. दगड पाण्याला लागला की जी चिंधी काठापाशी असेल तिचा फोटो ग्रुपवर टाकायचा. हिरवी म्हणजे पाणी वर आहे, लाल म्हणजे तळाशी गेलं. हा मुलगा त्यावरून गावाचा नकाशा रंगवणार. नकाशा कोणालाही फोनवर बघता येणार, गावात बसून नाहीतर गावाबाहेरून.

मला भुताने झपाटल्यासारखं झालं. गल्लोगल्ली फिरले, बायकांना जमवलं, फोटो कसा काढायचा ते शिकवलं. चिंध्या वहिनीने दिल्या. आपली तीन जुनी लुगडी तिने माझ्यासमोर टराटरा फाडली आणि म्हणाली, "घ्या ताई. सारं गाव माह्या लुगड्यानं मोजा."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून वरच्या गल्लीत आमच्या वडिलांच्या घरी ती एकटी राहत होती. वरची गल्ली चढावर आहे. तिथे कोपऱ्यावर जुने नळ आहेत, पण त्यांना पाणी चढत नाही. गल्लीची सगळी भिस्त एका सार्वजनिक विहिरीवर. वहिनीची कंबर गेलेली. यवतमाळच्या डॉक्टरने बादली उचलायची नाही असं बजावलेलं. ती उचलायचीच. मुलगा पुण्याला नोकरीत, तो दर सणाला तेच म्हणायचा, आई, तू माझ्याकडे चल. ती म्हणायची, "तिथं काय करू? लिफ्टची बटनं दाबत बसू?" मी बायपासजवळच्या कॉलनीत वरच्या मजल्यावर राहते. माझ्याकडे ये म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर: "भावजय कधी नणदंच्या घरी राहाले गेली काय?"

म्हणजे मला पाइपलाइन कशासाठी हवी होती ते उघड आहे. वहिनीच्या अंगणात नळ आला असता तर बादलीचा प्रश्न मिटला असता, मुलाचं तोंड बंद झालं असतं आणि ती इथेच राहिली असती. संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसून तिच्याशी भांडल्याशिवाय मला जेवण जात नाही. इतका हा सरळ हिशोब.

आणि नकाशात वरची गल्ली हिरवी.

होळी होऊन गेली, ऊन तापलं. खालच्या गल्ल्या पिवळ्या झाल्या, मग एकेक करून लाल. वरची गल्ली मात्र दर बाजाराला हिरवीगार. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, तुमच्या माहेरच्या गल्लीत पाणी चांगलं टिकलंय." माझं डोकं उठलं. चढावरची विहीर, तिच्यात खालच्यांपेक्षा जास्त पाणी? भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. पण फोटो समोर होता. वहिनीचा हात, काठ, आणि काठावर तिच्याच लुगड्याची हिरवी चिंधी.

तिला विचारलं, "दोर नीट सोडतेस ना?"

"मले दोर सोडणं शिकवता काय तुमी?" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

पहिला टप्पा ठरवायची सभा जवळ आली. तिच्याआधी मोजमापाची एकच खेप उरली होती. बाजाराच्या आदल्या दिवशी मी एरवी घरीच असते. ग्रुपवर सगळ्यांना आठवण करून देण्यात माझी संध्याकाळ जाते. त्या दिवशी मात्र मला घर खायला उठलं. फोन पर्समध्ये टाकला आणि वरच्या गल्लीत गेले.

त्या वेळी विहिरीवर गर्दी असते, चाकाची कुरकुर कोपऱ्यापासून ऐकू येते. त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. विहिरीच्या तोंडावर फळ्या टाकलेल्या, वर दगड ठेवलेला. मला वाटलं कोणी पडलं की काय. धावत गेले तर शेजारीण दारात तांदूळ निवडत निवांत बसलेली.

"हे काय? विहीर का झाकलीय?"

"उद्या मोजाचं हाय ना. आराम देऊन राह्यलो तिले."

"आराम?"

"मंग! रक्त तपासाले जातो तं माणूस उपाशी जाते ना? सकायचा च्या बी घेत नाही. तसंच हाय हे. दिवसभर उपसलेल्या विहिरीत दोर सोडला तं खरं कसं समजंन?"

क्षणभर मला तिचं म्हणणं पटलंसुद्धा. मग कपाळावर हात मारून घेतला. दोन दिवस आधीच हंडे-कळश्या भरून ठेवायच्या, मोजायच्या आदल्या दिवशी विहिरीला हात लावायचा नाही, धुणं नाही, पोरांना आंघोळ नाही. झरा दिवसभर आणि रात्रभर झिरपून पाणी वर येणार, सकाळी दोर सोडायचा, हिरवी चिंधी. शेतातल्या विहिरीला असाच आराम देतात, म्हणून कोणाला त्यात वावगंही वाटलं नाही. दर बाजाराला अख्खी गल्ली तहानलेली राहून विहीर भरलेली दाखवत होती.

मी तिथेच ओरडायला लागले. बायका बाहेर आल्या. उद्याच्या रंगावर पाइपलाइन ठरणार आहे, हिरवं दिसलं तर वरची गल्ली शेवटच्या टप्प्यात जाईल, तो टप्पा कधी येईल ते देवाला ठाऊक, असं सगळं एका दमात सांगितलं. त्यांचे चेहरे उतरले. शेजारीण चिडलीच. "मंग हे आधी सांगाचं ना! आमी तं मोजणं चांगलं व्हावं म्हणून मरून राह्यलो." उद्या रोजच्यासारखं पाणी भरायचं आणि मगच दोर सोडायचा, असं ठरलं. फळ्या निघाल्या, चाक पुन्हा कुरकुरायला लागलं.

फळ्या निघाल्या तशी वहिनी पाठ फिरवून घराकडे निघाली. मी तिच्या मागोमाग घरात गेले. ती चुलीजवळच्या पाटावर बसली, कंबरेला हात लावून.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"पह्यल्या खेपेले नव्हतं. तवा मलेही तसंच वाटलं. मंग पोराचा फोन आला. तो तिथून पाहाते तुमचा नकाशा. म्हणे आई, आपली गल्ली हिरवी हाय, बरं झालं. लाल झाली का मी त्याच दिवशी गाडी घेऊन निघतो. मंग मी चूप बसली."

"अगं वेडे, लाल दाखवलं असतंस तर नळ आला असता! मग जायचा प्रश्नच कुठे होता?"

"नळ याले टाइम लागते, ताई. त्याची गाडी एका रात्रीत येते."

सभा, मंजुरी, खोदकाम, टाकी, एवढं सगळं माझ्या डोक्यात होतं; पुण्याहून यवतमाळची गाडी किती लवकर येते हे नव्हतं. मी म्हणायला हवं होतं की वहिनी, गल्लीतल्या सगळ्यांचा प्रश्न आहे. त्या घटकेला मला गल्ली नको होती, नळ नको होता, मला ती हवी होती. फळ्या परत टाकून याव्यात असंही मनात आलं.

"उद्या काय करशील?" एवढंच विचारलं.

"जेवून जा," ती म्हणाली.

मी जेवले नाही. घरी परतताना रस्ता चुकल्यासारखी भलत्याच गल्लीत शिरले, तिथल्या बायकांनी विचारलं, मॅडम, उद्या मोजाचंच हाय ना? मी हो म्हणाले.

सकाळी मी वरच्या गल्लीत गेले नाही. धीरच झाला नाही. गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होते. एकेका गल्लीचा फोटो यायचा, फोन वाजायचा. सगळे आले, वरची गल्ली येईना. गॅसवरचा चहा उतू गेला. मग आला. तोच काठ, तोच हात, आणि काठावर लाल चिंधी. ते लुगडं भावाने तिला कळंबच्या जत्रेतून आणलं होतं, मला चांगलं आठवतं. फोटोखाली तिने काही लिहिलं नव्हतं. इंजिनिअरने लिहिलं, धन्यवाद, वरची गल्ली.

दुपारच्या आत भाच्याचा फोन. "आत्या, मी निघालोय."

त्याच्यावर चिडायचं मी ठरवून ठेवलं होतं, पण तो आईच्या कंबरेसाठी उशा घेऊन आला होता, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या आधी विहिरीत डोकावून आला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. चिडता आलं नाही. वहिनीने काही तमाशा केला नाही. शेजारणीला भांडी दिली, तुळस तिच्याच ओट्यावर ठेवली आणि दोराचं वेटोळं माझ्या हातात दिलं.

"आता तुमी मोजा. आराम देऊ नका तिले."

गाडी वळली तेव्हा शेजारीण पदर डोळ्याला लावत मला म्हणाली, "तुमच्या नकाशापाई गेली बिचारी." मी तिला चांगलंच सुनावलं. मग तिच्याच ओट्यावर बसून रडले.

वरची गल्ली पहिल्या टप्प्यात आली. खोदकाम सुरू झालं, गल्लीत चालायची सोय राहिली नाही, बायकांनी ठेकेदाराच्या माणसांना शिव्या दिल्या आणि चहाही दिला. बंद घराला नळ द्यायचा की नाही यावर वाद झाला. किल्ली माझ्याकडे आहे, घर बंद नाही, असं मी भांडून पदरात पाडून घेतलं. रोज संध्याकाळी जाऊन दार उघडत होते, दिवा लावत होते, परत येत होते. ओट्यावर बसवत नव्हतं.

मग एक दिवस वहिनीच्या अंगणात नळाला पाणी आलं. मी तिला फोन लावला आणि काही न बोलता फोन नळाच्या धारेजवळ धरला.

"ताई," ती म्हणाली, "बंद करा आधी. वाया चाललं पाणी."

मी बंद केला. "मग? केव्हा येतेस?"

"पोरगं म्हणते, नळाचं काय, आज हाय उद्या नाही. विहिरीत पाणी दिसू दे मंग पाहू."

तेव्हापासून मी बाजाराच्या दिवसाची वाट बघत असते. नळ आल्यावर विहिरीवरची गर्दी कमी झाली, पाणी हळूहळू वर येऊ लागलं. लालची पिवळी व्हायला फार वेळ लागला. पिवळीची हिरवी होता होईना. दोन चिंध्यांच्या मधला कोरा दोर काठावर बघून विहिरीत दगड मारावासा वाटायचा.

आज सकाळी बायकांनी रोजच्यासारखं वरकामाचं पाणी भरून नेलं, मग मी दोर सोडला. दगड पाण्याला लागला. फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी वहिनीला फोन केला.

"हिरवी," मी म्हणाले.

"झाकली तं नव्हती?"

"नव्हती."

"खरी हिरवी?"

"खरी."

मागे कुकरची शिट्टी झाली. मग हळूच म्हणाली, "मंग टाका ना लवकर. तो हापिसात जाच्या आधी पाहाते."

फोटो टाकला. नकाशात वरची गल्ली हिरवी झाली. वहिनीच्या अंगणात फोन हातात घेऊन मी फेऱ्या मारते आहे. गाडी एका रात्रीत येते, असं तीच म्हणाली होती.