निळी राहिलेली नळी

दांगट सर धरणावरून एसटीने यायचे ते मांडीवर बादली घेऊन. बादलीत जिवंत मासा. कंडक्टर विचारायचा, "सर, याचं बी तिकीट फाडू का?"

"हाफ फाड," सर गंभीरपणे म्हणत. "परतीचं नको."

नव्वदच्या दशकात ते ओतूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी प्रयोगशाळेत मदतनीस होते; सर मला बाई म्हणत. माशाचं यकृत बर्फात ठेवून घोटायचं काम माझं. मग तो लगदा काचेच्या नळीत, त्यात निळा रंग, आणि हवा लागू नये म्हणून वर तेलाचा थर. यकृताचं काम चालू असेल तर रंग उडतो.

"पेशीपेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे रहाट आहेत," सर सांगत. "खाल्लेलं सगळं तिथं येऊन चक्रात फिरतं, फेरीफेरीला थोडी ऊर्जा वर येते. रहाट बसला की विहीर भरलेली असून शेत वाळतं."

आमच्याकडे विहिरीत मासे सोडतात. मासे पळताहेत तोवर पाणी चोख, ही सगळ्यांची खात्री. सरांचे थोरले भाऊ अण्णा वारूळवाडीला द्राक्षं करायचे आणि फवारणीचा पंप विहिरीच्या काठावरच धुवायचे. सरांनी त्या विहिरीतला मासा आणला. धरणाच्या माशाची नळी निवळली. विहिरीच्या माशाची निळीच राहिली.

"बाई, माझी चूक निघू दे," म्हणत सरांनी तीनदा प्रयोग केला. तिन्ही वेळा निळी.

अण्णांना बोलावून दाखवलं. ते हसले. "मासं लई पळत्यात की, मास्तर!"

"अंगातल्या साठवणीवर पळतायत, अण्णा. माणसाला काय होईल ते मला माहीत नाही, मला माशाचंच कळतं. पण ते पाणी पिऊ नका."

अण्णांनी पिशवीतून घरच्या विहिरीच्या पाण्याची बाटली काढली आणि आमच्यासमोर घटाघटा पिऊन रिकामी केली. "हाय का न्हाई जिता?"

त्या दिवसापासून सर रोज स्कूटरवरून नारायणगावच्या नळाचं पाणी अण्णांच्या ओट्यावर नेऊन ठेवत. वहिनी नवऱ्याच्या धाकाने ते गाईला पाजत. हे सरांना कळलं ते काही वर्षांनी, अण्णांचे डोळे पिवळे झाल्यावर. यकृत गेलंय, डॉक्टर म्हणाले. कशाने, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

अण्णांच्या दहाव्याहून परतल्यावर सर त्यांच्या विहिरीत वाकून बघत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. काठावर फवारणीचा पंप होता, नुकताच धुतलेला.

"अजून पळतायत," सर म्हणाले.