चौकातलं शूटिंग

बापूवर केस कशी झाली, हे आमच्या वडगाव रासाईत कोणीही सांगेल. त्यातला माझा भाग मात्र कोणी सांगू शकणार नाही, कारण तो मी आजवर कुणाच्या कानावर जाऊच दिलेला नाही. तुम्ही पहिले.

गावातल्या फुलांचा टेम्पो मी लावायची. कुणाचा झेंडू, कुणाची शेवंती, कोणाचा माल आधी चढवायचा, आडत्याला फोन कधी करायचा — सगळं माझ्याकडे. मला ते जमतं. अजूनही जमतं, हीच तर चीड आहे. बापू आमचा ड्रायव्हर. त्याच्या वडिलांचा जन्म मेंढरांमागं हिंडण्यात गेला. याला एका जागी राहायचं होतं. कुरकुंभच्या एका कंपनीत त्याचं ठरत आलं होतं. पोलिसांचा दाखला तेवढा बाकी होता.

दसऱ्याच्या तोंडावर एकदा मीही टेम्पोतून निघाले. पुण्याच्या वाटेवर एका चौकात हवालदारानं अडवलं. कागद पाहिले, सगळे बरोबर होते — तरी चावी काढून खिशात घातली. पोत्यांत दाबलेला झेंडू उभ्या गाडीत तापतो, काळा पडतो, हे त्याला माहीत नव्हतं? पक्कं माहीत होतं. बापू खाली उतरून हात जोडून म्हणाला, "साहेब, कागद हायेत समदे. चावी द्या, फुलं गरम हुतील."

त्यानं बापूच्या कानाखाली मारली. पुन्हा हात उगारला, तेव्हा बापूनं तो नुसता धरला.

माझ्याकडे नवा कॅमेऱ्याचा मोबाइल होता. मी काचेआडून सगळं घेतलं — अगदी हात जोडले तिथपासून. हवालदाराचं लक्ष गेलं.

"ओ बाई, पोलिसाचं शूटिंग काढणं गुन्हा हाय. पुसा ते, न्हाईतर तुम्हाला बी आत घेतो."

मी म्हटलं, शूटिंग कसलं, नंबर लावत होते. पुसलं नाही, फोन पर्समध्ये टाकला. सरकारी माणसावर हात टाकला म्हणून बापूला घेऊन गेले. आणि मी काय केलं? चावी मागून घेतली, फोनाफोनी करून दुसरा ड्रायव्हर उभा केला. फुलं वेळेत बाजारात पोचली. गावानं माझं कौतुक केलं, ते मी ऐकूनही घेतलं.

त्या चौकातल्या पोलीस चौकीत देवाच्या फोटोला दर गुरुवारी आमच्या टेम्पोतून हार जायचा. जुनी पद्धत. पुढच्या गुरुवारी तो गेला, त्याच्या पुढच्याही. मीच पाठवला. त्या हवालदाराचा मला संताप येतो — पण हार कुणी बांधायला लावले?

गुन्हा आहे म्हणून घाबरले, असं मी स्वतःला सांगत राहिले. खोटं आहे ते. जामिनावर सुटलेल्या बापूला दौंडच्या वकिलांकडे मीच नेलं. सहज विचारल्यासारखं करून विचारलं — पोलिसाचं शूटिंग काढणं गुन्हा आहे का? ते म्हणाले, भर रस्त्यावर, त्याच्या कामाच्या आड न येता काढलं तर कसला गुन्हा? मग पुढे झुकले. तुमच्याकडे असं काही आहे का? असेल तर केस फिरेल.

पर्स मांडीवर होती. फोन पर्समध्ये होता. आता कायद्याचीही भीती उरली नव्हती. उरला होता तो चौक — टेम्पो रोज अडेल, माल काळा पडेल, गाव टेम्पोचं काम दुसऱ्याला देईल.

"नाही," मी म्हणाले. "मी काही काढलंच नव्हतं."

बापूनं मला फोन धरलेला पाहिला होता. तो माझ्याकडे बघत राहिला, मग वकिलांना म्हणाला, "आक्का न्हाई म्हणत्यात, तर नसंल. मलाच तसं वाटलं आसंल."

केस वर्षानुवर्षं लांबली. दाखला मिळाला नाही, कंपनीतली जागा गेली. बापू मेव्हण्याच्या मेंढरांमागं कोकणात उतरला.

एवढंच असतं, तरी — नाही, पुरतं सांगते. वकिलांकडून निघून आम्ही एसटी स्टँडवर आलो. बापू माझ्यासाठी चहा आणायला गेला. मी फोन काढला, ते एकदा पाहिलं आणि पुसून टाकलं. हवालदार दरडावत होता तेव्हा पुसलं नव्हतं. आता कुणीही सांगत नव्हतं.

बापू चहा घेऊन आला. मी तो प्यायले.